पुस्तक उघडलं की पळूनच जातो

"मॅडम, याला पुस्तकं आवडतच नाहीत हो, दोन पानं झाली की उठून पळतो, कॉन्सन्ट्रेशनचा प्रॉब्लेम असेल का?" पावणेतीन वर्षांच्या मुलाची आई विचारत होती. बोलता बोलता हेही म्हणाली की एक गाड्यांचं फाटकं पुस्तक आहे, तेवढंच रोज मागतो, तेच तेच, आम्ही कंटाळलो, शेवटी लपवून ठेवलं. रोज तेच पुस्तक मागणारं मूल, आणि म्हणे पुस्तकं आवडत नाहीत!

पुढच्या वेळी मी सगळी पुस्तकं घेऊन यायला सांगितलं, फाटकंसुद्धा. पिशवीतून काय निघालं तर एबीसीडी, आकार, रंग, एकेका पानावर वीस-वीस चित्रं आणि खाली नावं. दोन गोष्टींची होती पण पानभर मजकूर, सहा-सात वर्षांच्या मुलाला ठीक. एक बटण दाबलं की आवाज येणारं. म्हटलं घरी बघता तसंच बघा, मी बाजूला बसते.

आई सुरू झाली, हे काय आहे? कलर कुठला? किती आहेत मोज बरं? त्याने दोन उत्तरं दिली आणि मांडीवरून घसरला. मग स्वतःच पिशवीतून ते फाटकं काढलं. त्यात चिखलात रुतलेला ट्रक होता आणि पानाच्या कोपऱ्यात एक छोटंसं कुत्रं. त्याने कुत्र्यावर बोट ठेवलं, आईकडे बघितलं आणि म्हणाला, "भूभू ओला झाला." आई म्हणाली, "हो, पण ट्रकचा कलर कोणता सांग ना." बोट खाली आलं, चेहरा पडला.

मी आईला तेवढाच क्षण परत सांगितला. ज्याला पानाच्या कोपऱ्यातलं कुत्रं दिसतं, ते ओलं झालंय हे कळतं आणि ते सांगावंसं वाटतं, त्याचं लक्ष लागत नाही असं कसं म्हणायचं? घरातल्या बाकीच्या पुस्तकांत काही घडतच नव्हतं, नावं सांगून झाली की बोलायला उरतं काय.

मुलांना मजकूर दिसत नाही, चित्र दिसतं, म्हणून दुकानात पुस्तक हातात घेतल्यावर मी अक्षरांवर हात ठेवून बघते की नुसत्या चित्रांवरून काय चाललंय ते कळतंय का. दोन ते तीन वर्षांच्या मुलाला पानावर एक-दोन ओळी पुरतात, एखादी ओळ परत परत येणारी असेल तर उत्तम, मूल ती आपल्या आधी म्हणून टाकतं. त्याहून लहान असेल तर एका पानावर एकच मोठं, ओळखीचं चित्र. अगदी तान्ह्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं, त्याला ठळक काळं-पांढरं चालतं. वर्षाच्या आतलं बाळ पुस्तक तोंडातच घालणार, ओरडू नका, जाड पुठ्ठ्याचं, गोल कोपऱ्यांचं घ्या. आवाजाच्या बटणांची मला फारशी हौस नाही, मूल बटणच दाबत बसतं आणि गोष्ट राहते बाजूला.

कसं वाचायचं हेही तितकंच महत्त्वाचं. १९८८ साली व्हाइटहर्स्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना फक्त वाचून न दाखवता मोकळे प्रश्न विचारायला, मुलाचं वाक्य पुढे वाढवायला शिकवलं, आणि महिनाभरातच ती मुलं बोलण्यात पुढे गेलेली दिसली. म्हणजे "भूभू ओला झाला" यावर "हो ना, पावसात भिजला वाटतं, आता काय करेल तो?" एवढंच म्हणायचं आणि थांबायचं. थांबणंच जड जातं आपल्याला! आणि तेच पुस्तक परत मागितलं तर द्यायचं, नवे शब्द त्या परत परत ऐकण्यातूनच पक्के होतात.

आईने लपवलेलं पुस्तक चिकटपट्टी लावून परत दिलं, हाताशी येतील अशी तीन-चारच पुस्तकं ठेवली, एबीसीडीची वर टाकली. आता तो ट्रकच्या पानावर बराच वेळ थांबतो, कधी कधी मागचं पान उलटून कुत्रं आधी कुठे होतं ते दाखवतो.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. दीड वर्षाच्या पुढचं मूल स्वतः बोट दाखवून काही दाखवत नसेल, आपण दाखवलं तिकडे बघत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर पुस्तकं बदलत बसू नका, आधी बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि ऐकू नीट येतं का याची तपासणी करून घ्या.