रजिस्टर केलेलं मृत्युपत्र नुसतं फाडलं तर रद्द होतं का?

तुम्ही विचारलंय की वडिलांनी सहा वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या नावे मृत्युपत्र रजिस्टर केलं, आता त्यांचं मन बदललंय, तर मूळ कागद फाडला की झालं का, आणि भावाची संमती लागेल का.

संमती लागत नाही. त्याला कळवावंही लागत नाही. माणसाची समज शाबूत आहे तोवर तो आपलं मृत्युपत्र कितीही वेळा बदलू शकतो, रद्द करू शकतो. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ६२ आहे त्यासाठी. रजिस्टर झालं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं जो तो सांगत सुटतो, ते साफ चूक आहे. नंतर केलेलं मृत्युपत्र साध्या कागदावर असलं, रजिस्टर नसलं, तरी आधीचं रजिस्टर मृत्युपत्र त्याने रद्द होतं. फाडूनही होतं. कलम ७० मध्ये जाळणं, फाडणं, नष्ट करणं हे सगळं आहे. फक्त ते त्यांनी स्वतः किंवा त्यांच्यासमोर त्यांच्या सांगण्यावरून दुसऱ्याने फाडलं पाहिजे, आणि रद्द करायचं म्हणूनच फाडलं पाहिजे.

तरीही नुसतं फाडून थांबू नका. आमच्या घरात हे घडलंय म्हणून एवढं लिहायला बसलोय.

माझी आत्या कर्वेनगरला राहायची. शाळेत शिक्षिका होती. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांचा फ्लॅट तिने स्वतःच्या पगारातून, पतपेढीचं कर्ज फेडत फेडत घेतला. २०१३ मध्ये तिने तो दिराच्या मुलाच्या नावे लिहिला, रीतसर रजिस्टर करून. तेव्हा तो यायचा, विचारपूस करायचा. पुढे यायचा बंद झाला. माझी ताई मात्र नऊ वर्षं आत्याजवळ राहिली. इन्सुलिन, पथ्यपाणी, शेवटी शेवटी रात्री दोन-दोनदा चादर बदलणं, सगळं तिने एकटीने केलं.

२०१८ च्या श्रावणातल्या एका संध्याकाळी मी तिथे होतो. आत्याने कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि मृत्युपत्र मांडीवर घेतलं. लेजर पेपर जाड, तिची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, पानं फाटेनात. ताईने कात्री पुढे केली तर म्हणाली, "तू हात लावू नकोस. उद्या तुझ्यावर येईल." एकेक पान सुटं करून, गुडघ्यावर दाबून धरून तिने फाडलं. फोटो आणि अंगठ्याचा ठसा होता ते पान शेवटी. त्यातला फोटो तेवढा फाडून वेगळा काढला आणि पोथीत ठेवला. मग ताईला म्हणाली, "आता हे घर तुझं."

आम्हालाही तसंच वाटलं. समोरच्या फ्लॅटमधले काका-काकू घरात होते, त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. त्यांना हाक मारावी, हे कुणाला सुचलं नाही.

रात्री मी दादाला फोन केला. म्हटलं, वकिलांना घरी बोलावू, नवं लिहून घेऊ. दादा म्हणाला, "सणाच्या दिवसांत आजारी बाईसमोर मृत्युपत्राचं कसलं बोलतोस? अभद्र. फाडलं ना तिने? मग संपलं. तिला जरा बरं वाटू दे." मी ऐकलं. फेब्रुवारीत आत्या गेली.

तेरावं झालं आणि तो पुतण्या मृत्युपत्राची प्रमाणित नक्कल घेऊन दारात उभा राहिला. रजिस्टर मृत्युपत्राची प्रत दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त रजिस्टर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, वहीत राहतेच. करणारा हयात असेपर्यंत नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते, तो गेल्यावर अर्ज करणाऱ्या कुणालाही. आत्याने हातातला कागद फाडला, वहीतला जसाच्या तसा होता.

शिवाजीनगर कोर्टात ओळखीचे एक वकील होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी विचारलं, फाडताना कोण होतं? म्हटलं, मी आणि ताई. म्हणजे ज्यांचा फायदा तेच साक्षीदार, ते म्हणाले. तरी लढता येईल. मग विचारलं, नवं केलं होतं का? नाही म्हटल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं. फाडलेलं सिद्ध झालं तरी तुमच्या ताईला काही मिळत नाही, म्हणाले.

हे मला त्या दिवशी कळलं. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम १५. बाई मृत्युपत्राशिवाय गेली, नवरा-मुलं नसली, की तिची मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील त्यानंतर, आणि वडिलांचे वारस, म्हणजे आम्ही, त्याच्याही नंतर. माहेरहून वारसाने आलेली मिळकत असेल तर ती माहेरी परत येते, स्वतः कमावलेली नाही. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या, सासरच्यांनी हाकललेल्या, माहेरी शिकून नोकरी केलेल्या बाईची कमाईसुद्धा सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये याच कलमाखाली नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिली. म्हणजे आत्याने ज्याचं नाव खोडायला बोटं दुखवून घेतली, कागद फाटला काय नि राहिला काय, घर त्याच्याकडेच जाणार होतं.

दादा अजून म्हणतो, तिच्या नशिबात नव्हतं. नशिबाचा काय संबंध? दोन साक्षीदार आणि एक ताव कागद लागत होता. आजारी माणसासमोर मृत्युपत्राचं बोलणं अभद्र नाही. त्याचं मन काय आहे हे माहीत असून कागद करू न देणं अभद्र आहे. नऊ वर्षं केलेल्या मुलीला महिन्याभरात घर रिकामं करायला लागलं, ते अभद्र आहे. आत्या स्वतः बोलत होती, आपण तिला गप्प बसवलं.

तर तुमच्या वडिलांना नवं मृत्युपत्र करायला सांगा. पहिल्याच परिच्छेदात लिहा की यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं आणि पुरवणी मृत्युपत्रं मी रद्द करत आहे. जुन्याची तारीख आणि दस्त क्रमांकही टाका. खाली वडिलांची सही, आणि सही करताना पाहिलेल्या दोघांच्या त्यांच्यासमोर सह्या. ज्यांना काही मिळणार नाही असेच साक्षीदार घ्या, शक्यतो वडिलांपेक्षा तरुण, कारण उद्या कोर्टात त्यांच्यापैकी एक तरी उभा राहावा लागतो. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण जुनं रजिस्टर आहे तर नवंही करा, वाद कमी होतो. जुन्या कागदावर पेनने नाव खोडून दुसरं लिहू नका. दोन साक्षीदारांसमोर सही नसेल तर त्या खाडाखोडीला अर्थ नाही.

नुसतंच रद्द करायचं असेल तर रद्दलेखही चालतो, त्यालाही तशाच सह्या लागतात. पण मग वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत तुमची आई, वडिलांची आई हयात असल्यास ती, आणि सगळे मुलगे-मुली यांच्यात सारखी वाटली जाईल. त्यांना तेच हवंय का, हे आधी विचारा. आणि पुढे नवं फाडलं तर जुनं आपोआप जिवंत होत नाही.

हेही आधीच सांगायला हवं होतं: तो कागद खरोखर मृत्युपत्रच आहे ना, बक्षीसपत्र, म्हणजे हयातीतच मिळकत देऊन टाकल्याचा दस्त, नाही ना, ते वाचून बघा. लोक दोन्हीला सर्रास "नावावर केलं" म्हणतात. बक्षीसपत्र झालं असेल तर मन बदलून भागत नाही, ते प्रकरण वेगळं. सोसायटीतलं आणि बँकेतलं नॉमिनेशनही वेगळं बदलावं लागतं. मी लिहिलंय ते हिंदूंपुरतं. ख्रिश्चन आणि पारशी माणसाचं मृत्युपत्र त्याने पुढे लग्न केलं की रद्द होतं, आपलं होत नाही.

वडिलांना जिना उतरवत नसेल तर अर्ज केल्यावर निबंधक घरी येऊ शकतात. वकिलांची वेळ पुढच्या आठवड्याची मिळाली तर तोवर थांबू नका. आज संध्याकाळी वडिलांना साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहू द्या, तारीख घालू द्या, आणि समोरचं दार वाजवा.