उल्का की रॉकेटचा तुकडा?

प्रश्न : काही दिवसांपूर्वी रात्री शेतावर असताना पश्चिमेला चंद्राइतका तेजस्वी, हिरवट गोळा दोन-तीन सेकंदांत खाली येऊन विझला. तो समोरच्या डोंगरामागेच पडला असे आम्हा सर्वांना वाटले. पण आवाज आला नाही आणि शोधूनही काही मिळाले नाही. ही उल्का होती, की विदर्भात पडले होते तसे रॉकेटचे अवशेष? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : आपण किती सेकंद प्रकाश दिसला हे आवर्जून लिहिले आहे आणि त्यावरूनच ही उल्का असावी असे म्हणता येते. शुक्राहून अधिक तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते, तिच्यापुढील हवा दाबली जाऊन प्रचंड तापते आणि बहुतेक वेळा काही सेकंदांतच सारा खेळ संपतो. याउलट २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रातून दिसलेले चिनी रॉकेटचे जळते अवशेष सेकंदाला सुमारे ७-८ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवे, अनेक तुकड्यांच्या रांगेने बराच वेळ सरकत होते. त्यांतील एक मोठे धातूचे कडे चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात सापडले.

डोंगरामागे काही न सापडणे स्वाभाविक आहे. अग्निगोल साधारणपणे जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंचीवर विझतो, त्यामुळे डोंगराआड गेलेला प्रकाश प्रत्यक्षात शंभराहून अधिक किलोमीटर दूर असू शकतो. रात्री उंचीचा आणि अंतराचा अंदाज घ्यायला डोळ्यांना कोणताच आधार नसतो, म्हणून हा भास जाणत्या निरीक्षकांनाही होतो. आवाजाचेही तसेच आहे : साठ किलोमीटरवरून तो पोहोचायला सुमारे तीन मिनिटे लागतात आणि उल्का फार उंचावर विझली, तर तो येतच नाही. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क येथे प्रकाश पाहून लोक खिडकीपाशी आले, मागाहून आलेल्या आघातलहरीने काचा फुटल्या आणि सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. इतका प्रखर झोत दिसला, तर काही मिनिटे काचेपासून दूरच राहावे, हे मी आग्रहाने सांगेन.

हिरवी झाक मॅग्नेशियम, निकेल यांसारख्या मूलद्रव्यांमुळे किंवा हवेतील ऑक्सिजनमुळे येऊ शकते. केवळ रंगावरून उल्केची घडण ठरवता येत नाही.

पुन्हा असे दिसल्यास घड्याळातील वेळ, प्रकाश उमटल्याची आणि विझल्याची दिशा, क्षितिजापासूनची उंची (हात ताठ केल्यावर मूठ साधारण दहा अंश झाकते) आणि नंतर आवाज आला का, हे लगेच टिपून आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर नोंदवावे. वेगवेगळ्या गावांतील अशा नोंदींवरून उल्केचा मार्ग काढता येतो. काळपट, जळल्यासारख्या पातळ कवचाचा दगड सापडला, तर त्याला लोहचुंबक लावू नये, कारण त्यातील मूळ चुंबकीय खूण पुसली जाते. तो न धुता कोरडा ठेवून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवावे.