सुटलेले बावीस विभाजक

प्रिय बेटा,

कृषी केंद्राच्या पावतीमागे तू केलेली बेरीज काल तुझ्या बाबांनी आणून दिली. कागदाला खताचा डाग लागलाय, पण आकडे स्वच्छ आहेत. ६, २८, ४९६, ८,१२८ यांच्यानंतरची परिपूर्ण संख्या (स्वतःखेरीज बाकी विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच भरते ती) २०,९६,१२८ निघाली, असं तू खाली लिहिलंस. १,०२४ गुणिले २,०४७. मी दोनदा ताडून पाहिलं, हातच्याची एकही चूक नाही. तरी उत्तर चुकलंय.

तू १ पासून दुप्पट करत १,०२४ पर्यंत गेलीस, मग २,०४७ पासून तशीच दुसरी रांग लावलीस. ती संख्या स्वतः धरून बावीस विभाजक. पण २,०४७ ही मूळ संख्या कशावरून? आधीच्या चौघींत (२ × ३, ४ × ७, १६ × ३१, ६४ × १२७) ३, ७, ३१, १२७ मूळ निघाल्या, म्हणूनच ना? २,०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. तेव्हा २३ ची एक रांग सुटली, ८९ ची एक सुटली. हे झाले आणखी बावीस विभाजक, त्यांची बेरीज २,२९,२६४. तेवढं माप जास्त भरतं, म्हणून तुझी संख्या परिपूर्ण नाही, विपुल आहे.

वाईट वाटून घेऊ नकोस. या ठिकाणी जुने जाणते गणितीही फसले होते. हुडालरिकस रेजियसने १५३६ मध्ये २,०४७ फोडून दाखवली. तुझे बाबा काट्यावरची चिठ्ठी घरी आल्यावर पुन्हा मांडून बघतात ना, तसं प्रत्येक ‘मूळ’ तू स्वतः तपासत जा.

आता ८,१९१ घे. तिचं वर्गमूळ नव्वदच्या जरा वर, म्हणजे ८९ पर्यंतच्या चोवीस मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. पण फर्मा या फ्रेंच गणितीने १६४० मध्ये एक जवळची वाट सांगितली. दोनचा तेरावा घात वजा एक, या संख्येच्या कुठल्याही मूळ विभाजकाला २६ ने भागलं की बाकी १ च उरते. (अकराव्या घाताला २२ ने भागायचं. २३ आणि ८९ वर करून बघ, मला तर हे बघताना आजही आनंद होतो.) नव्वदच्या आत अशा दोनच मूळ संख्या आहेत, ५३ आणि ७९. पहिलीने भागल्यावर बाकी २९, दुसरीने ५४. म्हणजे ८,१९१ मूळ.

तिला ४,०९६ ने गुण: ३,३५,५०,३३६. ही खरी पाचवी. विभाजक सव्वीसच. १ पासून ८,१९१ पर्यंतची बेरीज हीच, म्हणून ती त्रिकोणी संख्याही आहे. अंकांची बेरीज कर, २८ येते, आणि २८ तर तुझ्या यादीत आहेच.

एक काम तुझ्यासाठी ठेवतो. १ चा घन अधिक ३ चा घन, २८. त्यात ५ आणि ७ चे घन मिळव, ४९६. लाईन रात्री येते म्हणतेस, ओलिताची मोटार सुरू करून बसलीस की असंच विषम घन मिळवत १२७ पर्यंत जा. चौसष्ट घन आहेत. पावती पुरणार नाही, वही घे.

तुझे गुरुजी