लूपमध्ये लाईट गेली तर? रोलर कोस्टरबद्दल वाचकांचे प्रश्न

सहलींचा मोसम जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पाळण्यांचे आणि रोलर कोस्टरचे प्रश्न वाढतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांतले काही निवडून त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेची सहल खोपोलीच्या इमॅजिका या मनोरंजन पार्कला न्यायचं ठरतंय. पालकसभेत सगळ्यांचा एकच धोशा : पोरं उलटी लटकलेली असताना लाईट गेली तर? आमच्या भागात भारनियमन अंगवळणी पडलेलं, त्यामुळे ही शंका कोणी हसण्यावारी नेत नाही. (शिक्षिका, अमळनेर)

उत्तर : गाडी लूपमध्ये, म्हणजे रूळ वर वळून तिला उलटी करतो त्या भागात, असताना लाईट गेली तर गाडीला त्याचा पत्ताही लागत नाही. नेहमीच्या रोलर कोस्टरच्या गाडीला स्वतःचं इंजिन नसतं. स्टेशनातून निघाल्यावर तिच्या पोटाखालचा आकडा साखळीत अडकतो, मोटर साखळी ओढते आणि गाडी पहिल्या चढाच्या माथ्यावर पोचते. विजेचं काम तिथे संपतं. पुढची सगळी पळापळ त्या उंचीवरच चालते. 40 मीटर खाली आलेल्या गाडीचा वेग, घर्षण सोडून दिलं तर, ताशी 100 किलोमीटरच्या आसपास येतो. पुढचा प्रत्येक चढ आणि लूप पहिल्या चढापेक्षा बुटका ठेवतात तो याच हिशोबाने.

लाईट गेल्यावर गाडी थांबू शकते अशा जागा दोनच. पहिली म्हणजे चढणीवर. चढताना जो टक-टक-टक आवाज येतो तो खटक्याचा असतो. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तसाच हा खटका गाडीखाली असतो आणि रुळांमधल्या दातेरी पट्टीवरून घसरत जातो. साखळी थांबली की तो दातात बसतो, गाडी इंचभर मागे येऊन जागच्या जागी उभी राहते. दुसरी जागा म्हणजे ब्रेकचा टप्पा. एकाच मार्गावर दोन-तीन गाड्या फिरत असतील तर मार्गाचे तुकडे पाडलेले असतात आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी सोडतात. भुसावळसारख्या रेल्वे जंक्शनच्या माणसाला ही ब्लॉक पद्धत वेगळी सांगायला नको. पुढचा तुकडा मोकळा नसेल तर मागची गाडी ब्रेकवर धरली जाते. हे ब्रेक असे बांधलेले असतात की वीज किंवा हवेचा दाब गेला तर ते उघडत नाहीत, उलट आवळतात. चुंबकी ब्रेकला तर वीज लागतच नाही. अंगावरचा दांडाही वीज गेली म्हणून सुटत नाही.

गाडी थांबलीच तर पोरांना एवढंच पढवून ठेवा : दांड्याशी झटापट करायची नाही, उठायचा प्रयत्न करायचा नाही. चढणीच्या कडेने जिना असतो. कर्मचारी चढून येतात, दांडे हाताने सोडवतात आणि एकेकाला उतरवतात. याला वेळ लागतो, म्हणून दुपारच्या उन्हातल्या फेरीआधी प्रत्येकाला पाणी पाजून मगच रांगेत उभं करा.

क्वचित गाडीचा वेग कमी पडून ती दोन चढांमधल्या खोलगट भागात अडकते. चाकं थंड, गाडी रिकामी आणि समोरून वारा, असं जुळून आलं की हे घडतं. म्हणून सकाळी माणसं बसवण्याआधी रिकाम्या चाचणी फेऱ्या घेतात. अशी अडकलेली गाडी सरळ अवस्थेत असते, उलटी नसते.

प्रश्न : लूपमध्ये पट्टा तुटला तर माणूस खाली पडेल का? आणि चाकं रुळावरून उचलली कशी जात नाहीत? आजी म्हणते, "पोऱ्या, उलटा लटकीसन काय मिळस तुले?" तिला काय सांगू? (केळी उत्पादक, रावेर)

उत्तर : आजीला सांगा, लूपमध्ये लटकायला होतच नाही. माथ्यावरच्या वळणाची त्रिज्या 5 मीटर धरली तर ताशी 25 किलोमीटरच्या वर वेग असला की माणूस सीटवर दाबलेलाच राहतो. प्रत्यक्षातला वेग त्याहून बराच जास्त ठेवतात. पट्ट्याची आणि दांड्याची खरी गरज लागते ती साध्या दिसणाऱ्या उंचवट्यांवर, जिथे पोटात गोळा येतो आणि बूड सीटवरून उचललं जातं. लोक मात्र लूपमध्ये दांडा घट्ट धरतात आणि उंचवट्यावर हात सोडतात!

चाकं प्रत्येक जागी तीन तऱ्हेची असतात. एक रुळावर चालणारं, एक बाजूने टेकणारं आणि एक रुळाच्या खालून धरणारं. त्यामुळे रूळ तिन्ही बाजूंनी पकडीत राहतो. खालच्या चाकाचं पेटंट अमेरिकेत जॉन मिलर यांनी 1919 च्या सुमारास घेतलं. त्यानंतरच चढ-उतार खऱ्या अर्थाने तीव्र करता आले.

लूप नीट पाहिलात तर तो गोल नसतो, खाली पसरट आणि वर निमुळता असतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1895 मध्ये गोल लूपची गाडी चालवली होती, तिच्यात बसलेल्यांच्या माना अवघडत. कारण हिशोबात आहे. पूर्ण गोल लूपमध्ये माथ्यावर जेमतेम टिकेल एवढा वेग ठेवला, तरी तळाशी शिरताना अंगावर स्वतःच्या वजनाच्या सहापट भार येतो. निमुळत्या आकारात तो बराच खाली येतो. 1976 मध्ये कॅलिफोर्नियात रिव्होल्यूशन नावाचा कोस्टर याच आकाराने उभा राहिला आणि लूप पुन्हा रुळला.

प्रश्न : मला एसटीत घाट लागला तरी मळमळतं. यंदा घरचे सगळे चाललेत, मुलं ऐकत नाहीत. काय खावं, कुठे बसावं? गोळी घ्यावी का? (गृहिणी, चाळीसगाव)

उत्तर : आपल्याकडच्या मंडळींचा घोटाळा पार्कात होत नाही, आदल्या रात्रीच होतो. भुसावळ-जळगावकडून रात्रीची गाडी धरायची, कल्याणला पहाटे उतरायचं, कर्जत-खोपोलीची लोकल पकडायची आणि गेट उघडताच रांगेत उभं राहायचं. झोप अपुरी, पोट एकतर रिकामं नाहीतर वाटेतल्या वडापावने भरलेलं. अशा अंगाला साधा पाळणाही सोसत नाही. जमलं तर आदल्या संध्याकाळी पोचा.

जेवण आणि कोस्टर यांत दीड-दोन तासांचं अंतर ठेवा. उपाशीपोटीही जाऊ नका. एक केळं, अर्धी पोळी, दोन-चार बिस्किटं बरी. शेवभाजीची तर्री, भरीत-पुरी, डाळ-बट्टी हे सगळं परतीच्या वाटेसाठी राखून ठेवा. तेल-तिखट पोटात रेंगाळतं. आलेपाकाची वडी काहींना उपयोगी पडते.

मळमळ होते ती डोळे आणि आतला कान वेगवेगळं सांगतात म्हणून. त्यामुळे डोळे मिटू नका, बाजूच्या माणसाकडेही बघू नका. पुढचा रूळ बघत राहा म्हणजे वळण येण्याआधी मान आणि पोट तयार राहतं. सीट मधल्या डब्यातली घ्या, तीही चाकांवर येणारी नको. गोल-गोल फिरणारे खेळ, म्हणजे टी-कप, ब्रेक डान्स वगैरे, कोस्टरपेक्षा जास्त त्रास देतात. ते मुलांवर सोपवा. उलट्या दिशेने परत येणारे कोस्टर, उदाहरणार्थ हैदराबादच्या वंडरला पार्कातला रिकॉइल, तुमच्यासाठी नाहीत. एक फेरी झाली की किमान वीस मिनिटं सावलीत बसा.

गोळीचं म्हणाल तर प्रोमेथाझिनसारखी औषधं मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नसतो, निदान तासभर आधी घ्यावी लागतात. त्यांनी झोप येते आणि तोंड कोरडं पडतं. परतताना गाडी तुम्हीच चालवणार असाल तर नकोच. काचबिंदू असेल, लघवीला अडत असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. लहान मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं बंद करा. दोन वर्षांखालच्या मुलांना तर हे औषध देतच नाहीत.

प्रश्न : पहिल्या डब्यात बसावं की शेवटच्या? मागच्या वेळी खांद्यावरच्या दांड्याने दोन्ही कान सडकून निघाले. (विद्यार्थी, जळगाव)

उत्तर : पहिला डबा माथ्यावरून हळू डोकावतो, कारण मागचे डबे अजून चढतच असतात. शेवटचा डबा माथ्यावर पोचेपर्यंत पुढचे डबे खाली धावत असतात, म्हणून तो हिसका बसून ओढला जातो आणि बूड जास्त उचलतं. वारा आणि दृश्य हवं तर पुढे, पोटात गोळा हवा तर मागे.

कान शेकतात ते डोकं दांड्यांच्या मध्ये सैल सोडल्यामुळे. पाठ आणि डोकं मागच्या उशीला टेकवा, हनुवटी किंचित खाली, दातावर दात घट्ट पण जीभ आत. वळणाकडे मान वळवू नका. इमॅजिकाच्या नायट्रो कोस्टरच्या गाडीला तळ नाही. सुटण्याआधी पायाखालची फळी बाजूला होते आणि पाय लोंबतात. तो पाच वेळा उलटा करतो. तिथे पाय सैल सोडा, वर ओढून धरलेत तर मांड्या आखडतात.

प्रश्न : वय 63, तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला. नातू हट्ट करतो. (निवृत्त, शहादा)

उत्तर : नाही, अण्णा. हृदयविकार, न आटोपणारा रक्तदाब, मान-कंबरेचा जुना त्रास, अलीकडची शस्त्रक्रिया, फिट येणं, डोळ्याचा पडदा सरकलेला असणं आणि गरोदरपण, यांपैकी एकही असेल तर बाहेरच्या बाकावर बसायचं. नातवाच्या चपला सांभाळायला कोणीतरी लागतंच.

प्रश्न : माझी उंची 5 फूट 6 इंच, वजन 118 किलो. एका पार्कात तासभर रांगेत उभं राहून सीटवर बसलो तर दांडा लागेना म्हणून सगळ्यांसमोर उतरवलं. वजनाची पाटी कुठेच नव्हती. हा अपमान नाही का? (व्यापारी, भुसावळ)

उत्तर : वागणूक वाईटच होती, पण उतरवणं बरोबर होतं. दांडा एका ठराविक खटक्यापर्यंत खाली आला नाही तर कर्मचाऱ्याला गाडी सोडताच येत नाही. अडचण वजनाची नसते, पोट आणि छातीच्या घेराची असते. म्हणून तुमच्याहून जड पण उंच माणूस आरामात बसतो.

पुढच्या वेळी प्रवेशाजवळ नमुन्याची सीट ठेवली आहे का बघा आणि रांगेत लागण्याआधी तिच्यावर बसून घ्या. बसताना आधी कंबर पार मागे रेटा, मग पाठ ताठ करा, श्वास सोडा आणि दांडा खाली ओढा. बहुतेकजण पुढे सरकून बसतात आणि तिथेच दोन खटके जातात. काही गाड्यांत ठराविक रांगेतले पट्टे लांब असतात. कुठली रांग ते आधी विचारा. खिशातलं पाकीट आणि बेल्टचं मोठं बक्कलही काढून ठेवा.

प्रश्न : साडी नेसून बसू देतील का? चष्मा, मंगळसूत्र? (नंदुरबार, धुळे, पारोळा येथून)

उत्तर : साडी, ओढणी, सैल स्कार्फ यांना बहुतेक मोठ्या कोस्टरवर मनाई असते आणि ती योग्यच आहे. पंजाबी ड्रेस घाला, ओढणी लॉकरमध्ये. केसांची वेणी घालून ती ड्रेसच्या आत. चष्म्याला मागून बांधायची दोरी मिळते, नसेल तर काढूनच बसा. मंगळसूत्र कपड्याच्या आत घ्या. मोबाईलवर चित्रीकरण करायचंच नाही, हातातून सुटलेला फोन मागच्या माणसाच्या तोंडावर बसतो.

प्रश्न : आम्ही कुठले खोपोलीला जातो! आमचा रोलर कोस्टर म्हणजे सारंगखेड्याच्या यात्रेतला पाळणा आणि ड्रॅगन. तिथे काय बघावं? (शेतकरी, दोंडाईचा)

उत्तर : हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण कायमच्या पार्कात जे पायात काँक्रीट ओतून होतं, ते इथे दोन दिवसांत लाकडी ठोकळ्यांवर होतं. दत्तजयंतीला भरणारी ही यात्रा तापीकाठी आहे आणि आपली काळी जमीन पाणी पिऊन फुगते, वाळून भेगाळते. म्हणून तिकीट काढण्याआधी पाळण्याच्या पायाशी जा. ठोकळे आडवे-उभे रचलेले आणि घट्ट बसलेले हवेत. पाळणा फिरताना ठोकळ्याची कड वर-खाली होताना दिसली किंवा आजूबाजूला टँकरचं पाणी साचून चिखल झाला असेल तर मागे फिरा.

मग पिना बघा. प्रत्येक जोडाच्या खिळीच्या टोकाला फाकवलेली पिन असते, तिने खिळी बाहेर सरकत नाही. पिनेच्या जागी बाइंडिंगची तार पिळलेली दिसली तर त्या पाळण्यात बसू नका, भाडं कितीही स्वस्त असो. पाळण्याच्या पेटीचा आडवा दांडा स्वतः हलवून बघा. तो नुसता टेकवलेला नको, खाचेत अडकलेला हवा. चालवणारा माणूस समोरासमोरच्या पेट्या आळीपाळीने भरतो का हेही बघा. एकाच बाजूला दहा माणसं चढवणारा माणूस घाईत आहे. दोन फेऱ्या बाहेरून ऐका. कर्रकर्र आवाज एकाच जागी येत असेल तर बेअरिंग गेलंय. जनरेटरची केबल ओल्या जमिनीवर उघड्या जोडांसकट पसरलेली असेल तर पोरांना त्या बाजूने नेऊच नका. परवाना आणि तपासणीचा दाखला मागायलाही हरकत नाही.

ड्रॅगन हा खरा रोलर कोस्टर नाही. त्याच्या गाडीतच मोटर असते आणि ती पूर्ण फेरीभर ओढत राहते. त्यामुळे तिथे लाईट गेली तर गाडी जिथे असेल तिथे थांबते. उंची कमी असल्याने उतरवणं सोपं, पण मुलं स्वतःहून उडी मारतात आणि इजा होते ती तेव्हाच. लहान मुलाबरोबर मोठं माणूस बसवा. फिरत्या खेळात मूल आतल्या बाजूला आणि मोठं माणूस बाहेरच्या बाजूला, कारण फिरताना अंग बाहेर ढकललं जातं आणि उलट बसलात तर मूल तुमच्या वजनाखाली चेपतं.