हरलेला अँटीचेसचा डाव शेवटून मागे बघ

अँटीचेस म्हणजे उलटं बुद्धिबळ, आपली सगळी मोहरी आधी गमावणारा जिंकतो. त्यातला हरलेला डाव तपासताना शेवटच्या खेळीवर अडकू नकोस. इथे मारता येत असेल तर मारणं सक्तीचं, त्यामुळे डाव बहुतेकदा कितीतरी आधीच हातातून गेलेला असतो. शेवटून एकेक खेळी मागे जा. जिथे तुला एकाहून जास्त खेळ्या होत्या, तिथे थांब आणि प्रत्येकीनंतर समोरचा तुला काय काय मारायला लावू शकला असता, ते कागदावर लिही.

ई४ बी५ हीच सुरुवात घे, म्हणजे पांढऱ्याचं प्यादं ई४ घरात, काळ्याचं बी५ घरात. पांढऱ्या उंटाला बी५चं प्यादं खावंच लागतं, आणि लगेच डी७चं प्यादंही त्याच्या वाटेत येतं. चूक उंटाची नाही, ई४ या पहिल्या खेळीची! पहिली खेळी ई३ केली तर पांढरा जिंकतो, हे गणितज्ञ मार्क वॉटकिन्स यांनी २०१६मध्ये संगणकाने सिद्ध केलं. पण त्या खेळ्यांच्या ओळी पाठ करायची घाई नको, आधी तुझेच दहा डाव असे उलगड.