डेफकॉनला भाषणं किती ऐकावीत?

कंपनी ऑगस्टमध्ये पहिल्यांदाच लास वेगासला डेफकॉन या हॅकर्सच्या परिषदेला पाठवतेय, चार दिवसांत जास्तीत जास्त भाषणं कशी गाठायची, असं तुम्ही विचारलंय. उत्तर कदाचित आवडणार नाही. दिवसाला दोन. फार तर तीन.

पहिल्या वर्षी मीही वेळापत्रक रंगवून नेलं होतं. हिरवं म्हणजे चुकवायचंच नाही, पिवळं म्हणजे जमलं तर. पहिल्याच हिरव्या चौकटीसाठी तासभर रांगेत ताटकळलो. दाराशी पोचतो तर गूनने हात आडवा केला, हॉल भरला. (तिथे स्वयंसेवकांना गूनच म्हणतात, घाबरू नका.) तेच भाषण नंतर घरी यूट्यूबवर पाहिलं, चहा पीत, न कळलेला भाग तीनदा मागे नेऊन. मुख्य व्यासपीठांवरची बहुतेक भाषणं पुढे तिथे येतातच.

म्हणून भाषण निवडताना एकच बघा: वक्त्याला विचारायला आपल्याकडे प्रश्न आहे का? 45 मिनिटांत, कधी तर 20 मिनिटांत, तो वर्षाचं काम सांगतो. विषय आदल्या आठवड्यात वाचून गेलात तरच प्रश्न सुचतो.

एकदा स्मार्ट कुलपावरच्या भाषणानंतर मी घुटमळत थांबलो. चिपमधला कोड वाचता येऊ नये म्हणून घातलेली बंदी वक्त्याने व्होल्टेज ग्लिचिंगने ओलांडली होती. म्हणजे चिप तपासणी करते नेमक्या त्या क्षणी व्होल्टेज किंचित पाडायचं, की ती तपासणीच चुकते. स्लाइडवर नुसता एक बाण होता. 'माझ्या बोर्डवर हे का होत नाही?' विचारल्यावर त्याने सॅकमधून बोर्ड काढून माझ्या हातात दिला. वीजपुरवठ्याच्या पिनजवळचा कपॅसिटर उपटलेला, तिथे केसाएवढी तार डाखलेली. कपॅसिटर असला की पडणारं व्होल्टेज तो सावरून धरतो! मी दोन महिने तो तसाच ठेवून डोकं फोडत होतो. हे व्हिडिओत कुठेही नाही.

उरलेला वेळ व्हिलेजेसमध्ये, म्हणजे एकेका विषयाच्या हाताने करून बघायच्या दालनांत, घालवा. कुलपं उघडायला बसा, गाड्यांच्या नेटवर्कशी खेळा. मतदान यंत्रांचं व्हिलेज 2017 मध्ये सुरू झालं, तिथे यंत्रं उघडून बघायला मिळतात. ज्या भाषणांचं रेकॉर्डिंग होत नाही, तिथे मात्र रांग लावाच.

रोजचा फोन हॉटेलवर ठेवा. उघड्या वायफायवरून पासवर्ड गेला तर 'वॉल ऑफ शीप' नावाच्या तिथल्या पडद्यावर अर्धवट झाकून का होईना, झळकतो. बाहेर चाळीसच्या वर पारा असतो, पाण्याची बाटली सोडू नका.

आणि जायच्या आधी पुण्यात 'नल' या सायबर सुरक्षावाल्यांच्या गटाच्या एक-दोन बैठकांना जाऊन या. फुकट असतात, अनोळखी माणसाला प्रश्न विचारायची भीड तिथेच मोडते. गोव्यात 2010 मध्ये नलकॉन ही सुरक्षा परिषद सुरू केली ती याच मंडळींनी.

तुमची हिरवी-पिवळी यादी टाका, कात्री मी लावतो.