उपसंपादक ते संपादक हा प्रवास कसा असतो?

तुम्ही विचारलंय : मराठीत बी.ए. करतोय, लिहायची आवड आहे, वर्तमानपत्रात शिरून पुढे संपादक व्हायचंय. तर हा प्रवास कसा असतो आणि त्यात लिहायला किती मिळतं?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. फार कमी मिळतं. मी एका जिल्हा दैनिकात ३३ वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा संपादक म्हणून. स्वतःचं म्हणावं असं लिखाण दोन फायलींत मावतं. बाकी जन्म दुसऱ्यांची कॉपी, म्हणजे त्यांनी लिहून पाठवलेला बातम्यांचा मजकूर, निस्तरण्यात गेला.

१९८८ ला डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पानात लावणाऱ्या टेबलावर, लागलो. पीटीआय या वृत्तसंस्थेकडून येणाऱ्या इंग्रजी बातम्यांचं भाषांतर करायचं, तालुक्याच्या वार्ताहरांनी एसटीच्या कंडक्टरकडे दिलेली पाकिटं फोडायची आणि डाक आवृत्ती (बाहेरगावी जाणारा, आधी छापायचा अंक) सुटायच्या आत ते सगळं पानात बसवायचं. ब्रोमाइड, म्हणजे मजकूर उमटवलेला फोटोचा कागद, कापून पान चिकटवायचे दिवस. बातमी दोन ओळी जास्त झाली की पान चिकटवणारा पेस्टर ब्लेड घेऊन तुमच्याकडे बघत उभा राहायचा.

दुसऱ्याच वर्षी एक पाकीट आलं : अमुक गावचे निवृत्त शिक्षक अपघातात ठार. नाव ओळखीचं वाटलं. वर्षभरापूर्वी त्यांच्या सत्काराची बातमी मीच लावली होती. फोटोंच्या कपाटातून फोटो काढला, ‘कै.’ लावलं, पहिल्या पानावर दोन कॉलम. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला फोटोतले गुरुजी अंक काखेत मारून ऑफिसात हजर. गावात त्याच नावाचे दोन शिक्षक होते. “बातमी कुणी लावली?” मी उभा राहिलो. त्यांनी अंक टेबलावर उघडला, चष्मा लावला आणि म्हणाले, “शुद्धलेखन चांगलं आहे तुमचं.” बस्स, एवढंच. चहासुद्धा घेतला नाही. खुलासा आम्ही सातव्या पानावर छापला, तोही सिंगल कॉलम. त्याची लाज आजही वाटते. त्यानंतर मृत्यूची बातमी खात्रीचा एक फोन केल्याशिवाय सोडली नाही, मग डाक आवृत्ती चुकली तरी चालेल.

पुढची शिडी तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल : वरिष्ठ उपसंपादक, मुख्य उपसंपादक, वृत्तसंपादक. पत्रकारितेचा कोर्स केलात तर दार लवकर उघडतं, पण पहिल्या महिन्यात सगळे सारखेच दिसतात. पगाराचं विचाराल तर पत्रकारांसाठीचा वेतन आयोग कागदावर आहे. बहुतेक नवी मुलं कंत्राटावर लागतात, आणि कंत्राटाला वेतन आयोग सहसा सापडत नाही.

संपादक झाल्यावर काय बदलतं? शेवटच्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात एक ओळ असते, प्रिंटलाइन. मालक, मुद्रक, प्रकाशक आणि ‘पीआरबी कायद्यानुसार (वृत्तपत्रं आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा) जबाबदार’ संपादक. १८६७ चा तो कायदा आता जाऊन २०२३ चा नवा आलाय, पण माझं नाव जुन्याच ओळीत लागलं. अर्थ साधा : अंकात काहीही छापून आलं, तुम्ही ते वाचलेलं असो वा नसो, समन्स तुमच्या नावाने निघतं. १८८२ साली कोल्हापूर संस्थानचे कारभारी बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात ‘केसरी’चे आगरकर आणि ‘मराठा’चे टिळक यांना शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. भाषणात हा प्रसंग शौर्य म्हणून सांगतात, ते होतंच. पण पुरावा म्हणून ज्या हस्तलिखित पत्रांवर भिस्त ठेवली ती बनावट निघाली, हे डेस्कवरच्या माणसाने जास्त लक्षात ठेवावं.

दुसरी गोष्ट पैशाची. जिल्ह्याच्या पेपरात गावचा वार्ताहर बहुधा अंकांचा एजंटही असतो आणि जाहिरातीही तोच आणतो. मानधन नावापुरतं, पोट कमिशनवर. त्यामुळे वर्धापनदिनाच्या पुरवणीला ज्या पुढाऱ्याने पानभर जाहिरात दिली, त्याच्याविरुद्धची बातमी तो महिनाभर पाठवत नाही. त्याला कुठल्या तोंडाने रागवायचं? २००९ च्या निवडणुकीनंतर ‘पेड न्यूज’वर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, देशभर चर्चा झाली, प्रेस कौन्सिलने चौकशी केली. आमच्याकडे तेव्हा त्याला ‘पॅकेज’ म्हणत. संपादकाच्या दिवसातला मोठा भाग जाहिरात व्यवस्थापकाशी ‘हे पान नाही, ते घ्या’ असं भांडण्यात जातो. अग्रलेख उरलेल्या वेळात, साधारण संध्याकाळी सहा ते सात.

तरी यायचं असेल तर आधी डेस्कवर या, थेट रिपोर्टिंगला नको. दुसऱ्याची वाईट कॉपी वर्षभर दुरुस्त केलीत की आपली कशी असते ते कळतं.

मी २०२१ ला निवृत्त झालो. प्रिंटलाइनमधलं माझं नाव दुसऱ्याच दिवशी उतरलं. अब्रुनुकसानीच्या एका खटल्यात मात्र संपादक म्हणून अजून मीच आहे. आता उभं राहवत नाही, म्हणून तारखेला जाताना घडीची खुर्ची नेतो; शिपाई ओळखीचा झालाय, व्हरांड्यात सावलीची जागा धरून ठेवतो.